नीतिमान ‘ठरणे’ की ‘होणे’? कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांवरचा सोळाशे वर्षांचा वाद

दहावीच्या निकालात एखाद्या मुलाला गणितात ३१ गुण मिळतात. पास व्हायला चार कमी. बोर्ड ते चार देतं आणि मुलगा ‘ग्रेसने’ पास होतो. मराठी घरांत ‘ग्रेस’ हा शब्द बहुतेकांना असाच पहिल्यांदा भेटतो. ख्रिस्ती धर्मविचारात आपण ज्याला ‘कृपा’ म्हणतो तो हाच शब्द, आणि ख्रिस्ती विद्वान शतकानुशतकं ज्यावर भांडले तो प्रश्न या निकालपत्रावरून बऱ्यापैकी समजतो. देवाची कृपा ग्रेसच्या गुणांसारखी असते का? माणसाने आपल्या बळावर ३१ पर्यंत यायचं आणि उरलेले चार देवाने घालायचे, असा हा हिशोब आहे का? की माणसाची उत्तरपत्रिका मुळात कोरीच असते? आणि ती कोरीच असेल, तर त्याला ‘अभ्यास कर’ असं सांगण्यात काय अर्थ?

उत्तरं शोधण्याआधी एका क्रियापदापाशी थांबू या. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल याने साधारण इ. स. ५७ च्या सुमारास रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेच्या कायद्यातल्या, कर्मांनी नाही. इथलं मूळ ग्रीक क्रियापद कोर्टकचेरीच्या वळणाचं आहे. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तेव्हा त्याचा स्वभाव बदलत नाही, त्याच्याबद्दल निकाल देतो. पुढे पश्चिम युरोपने बायबल वाचलं ते लॅटिनमधून, आणि लॅटिनमधलं क्रियापद घडलं होतं ‘नीतिमान’ आणि ‘करणे’ या दोन शब्दांच्या जोडीतून. फरक वरवर बारीक दिसतो, पण त्यातून दोन चित्रं उभी राहतात. एका चित्रात देव न्यायासनावर बसला आहे. दुसऱ्यात तो वैद्यासारखा रोग्याच्या उशाशी बसला आहे. आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलमध्ये ‘नीतिमान ठरणे’ असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे मराठी वाचक नकळत पहिल्या चित्रासमोर उभा राहूनच हे पत्र वाचतो. माझ्या हे फार उशिरा लक्षात आलं, आणि त्यानंतर सगळा वाद नव्याने वाचावा लागला.

आता उत्तर आफ्रिकेत जाऊ. ऑगस्टिन ३५४ साली आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते या गावी जन्मला. सोळा वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली नासपतीची फळं चोरली. भूक नव्हती. याहून चांगली फळं त्याच्याकडे होती. चोरलेली त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे हिप्पोचा बिशप झाल्यावर त्याने या चोरीवर पानंच्या पानं लिहिली. एवढ्याशा गोष्टीवर इतकं कशाला, असं अनेकांना वाटतं, पण मला तर त्याचा सगळा विचार या चोरीत दिसतो. चोरी वाईट हे त्याला माहीत होतं आणि फळाची गरजही नव्हती. गोडी होती ती चुकीचं करण्यातच.

आपल्याकडे याला अगदी नेमके शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. माणसाची अडचण फक्त न कळण्याची असती तर चांगल्या शिक्षकाने काम भागलं असतं. वळत नाही ही जर खरी अडचण असेल, तर वळवणारा कोणीतरी लागतो. म्हणून ऑगस्टिन प्रार्थना करायचा: देवा, तू जे करायला सांगतोस ते करण्याचं बळ दे, आणि मग हवं ते सांग.

ही प्रार्थना रोममध्ये एका बिशपने पेलागियससमोर म्हटली आणि पेलागियस भडकला. तो मूळचा ब्रिटनचा, कडक व्रतस्थ जीवन जगणारा साधक. त्या काळी रोममध्ये ख्रिस्ती होणं सोयीचं झालं होतं आणि नव्याने ख्रिस्ती झालेले अनेक श्रीमंत पूर्वीसारखेच जगत होते. अशा लोकांच्या तोंडी ‘देव देईल तेव्हा करीन’ ही प्रार्थना म्हणजे आळसाला परवाना, असं त्याला वाटलं. देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळण्याची ताकदही माणसात घातली आहे, नाहीतर देव अन्यायी ठरेल, असं त्याचं म्हणणं. कृपा तोही मानत होता. पण कृपा म्हणजे देवाने दिलेलं इच्छास्वातंत्र्य, दिलेलं नियमशास्त्र, पापांची क्षमा आणि ख्रिस्ताचा आदर्श. पुढचं चालणं माणसाचं.

पेलागियसला खलनायक करून सांगायची जुनी पद्धत आहे. मला ती पटत नाही. आपल्या मुलाला ‘तू मनात आणलंस तर जमेल’ असं सांगणाऱ्या प्रत्येक आईबापात पेलागियस थोडा असतोच, आणि ते प्रेमापोटीच असतं. पण त्याच्या शिकवणीचं ओझं कोणावर पडतं ते पाहायला हवं. ज्याला खरोखरच जमत नाही, ज्याने दहा वेळा दारू सोडली आणि अकराव्यांदा हातात घेतली, त्याच्यासाठी या शिकवणीत ‘आणखी जोर लाव’ यापलीकडे फारसं काही नाही. ऑगस्टिनकडे त्याच्यासाठी काहीतरी आहे.

४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. पेलागियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला गेला. तिथे ४१५ साली एका धर्मसभेने त्याला निर्दोष सोडलं आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मतं त्याज्य ठरवली. एका अर्थी ऑगस्टिन जिंकला. पण त्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघाला, आणि तो अजून मिटलेला नाही. वळवणारा देवच असेल, तर तो एकाला वळवतो आणि दुसऱ्याला का नाही? ऑगस्टिन म्हणाला, ही देवाची निवड आहे, तिचं कारण आपल्याला कळणार नाही, आणि ती अन्यायाची मात्र नाही. पूर्वनियोजनाचा सिद्धांत म्हणतात तो इथून सुरू होतो.

दक्षिण फ्रान्समधल्या मठवासींना हे झेपेना. रोगी स्वतःला बरं करू शकत नाही हे मान्य, पण तो वैद्याला हाक तरी मारतो ना? निदान ती हाक त्याची स्वतःची असेल? शंभर वर्षं हे चाललं. ५२९ साली ऑरेंज या गावी भरलेल्या धर्मसभेने सांगितलं की हाक मारावीशी वाटणं हीसुद्धा कृपाच. त्याच दमात तिने हेही बजावलं की देव कोणालाही वाईटासाठी नेमून ठेवतो असं म्हणणं निषिद्ध आहे. पहिलं पाऊल देवाचं, पण नरकाचा दोष देवाचा नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते सभेने सांगितलं नाही.

पुढची हजार वर्षं भराभर ओलांडू. मध्ययुगाच्या अखेरीस काही विद्यापीठांत एक शिकवण रुजली: माणसाने आपल्या परीने होईल तेवढं करावं, तसं करणाऱ्याला देव कृपा नाकारत नाही. ऐकायला केवढं दिलासादायक! ग्रेसचे गुण अगदी याच नियमाने मिळतात. पण संवेदनशील माणसाला हाच नियम गिळून टाकतो, कारण ‘मी होईल तेवढं सगळं केलं का?’ या प्रश्नाला तळ नाही. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेला सुरुवात करणारा जर्मन मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात शिरला तो याच प्रश्नासकट. वसई-गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, ते पापनिवेदन तो तासन्‌तास करायचा. बाहेर पडल्यावर विसरलेलं पाप आठवायचं आणि तो परत जायचा. ‘देवाचं नीतिमत्त्व’ हे शब्द रोमकरांस पत्रात वाचले की त्याला देवाचा राग यायचा, असं त्याने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नियमशास्त्राने चिरडलेल्या माणसाला आता शुभवर्तमानातूनही देवाचं नीतिमत्त्वच दाखवून घाबरवायचं?

मग त्याला तेच शब्द उलट्या बाजूने दिसले. देव ज्या नीतिमत्त्वाने माणसाला मोजतो ते हे नाही, देव जे माणसाला फुकट देतो ते हे. १५२० साली त्याने यासाठी लग्नाचा दाखला दिला. लग्नात नवऱ्याचं ते बायकोचं आणि बायकोचं ते नवऱ्याचं होतं. कर्जात बुडालेल्या मुलीने श्रीमंत घरात लग्न केलं की तिचं कर्ज त्याच्यावर जातं आणि त्याची दौलत तिची होते. ख्रिस्त आणि पापी माणूस यांचं तसंच. विश्वास म्हणजे ते लग्न. मुलगी अजून तशीच आहे, सवयी त्याच आहेत, पण तिची पत बदलली आहे. म्हणून ल्यूथर म्हणायचा की विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. मग सत्कर्मांचं काय? ती येतात, पण फळांसारखी. झाड आधी चांगलं असावं लागतं, फळं लटकवून झाड चांगलं होत नाही.

१५२२ साली आलेल्या आपल्या जर्मन नव्या करारात त्याने पौलाच्या वाक्यात ‘केवळ विश्वासाने’ असा ‘केवळ’ घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. टीका झाली तेव्हा जर्मन भाषेची ढबच तशी आहे, असं उत्तर त्याने दिलं. विरोधकांकडे मात्र नव्या करारातलंच याकोबाचं पत्र होतं, आणि तिथे साफ लिहिलं आहे की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, क्रियांनीही ठरतो.

रोमचं सविस्तर उत्तर आलं १३ जानेवारी १५४७ रोजी, ट्रेंट या गावी भरलेल्या कॅथलिक धर्मसभेतून. ल्यूथरला जाऊन वर्ष होत आलं होतं. हा ठराव न वाचताच अनेक प्रोटेस्टंट उपदेशक सांगतात की कॅथलिक लोक कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवू पाहतात. ठरावातला पहिलाच नियम म्हणतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत असो. म्हणजे पेलागियसला रोमनेही पुन्हा दार दाखवलं. वाद होता तो पुढच्या दोन गोष्टींवर.

पहिली गोष्ट त्या क्रियापदाची. ट्रेंटच्या मते नीतिमान ठरणं म्हणजे पापांची क्षमा आणि त्यासोबत अंतःकरणाचं खरोखर नवं होणं. देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो नीतिमान करतोही. हे नीतिमत्त्व संस्कारांनी, म्हणजे चर्चच्या पवित्र विधींनी, आणि सत्कर्मांनी वाढतं, आणि गंभीर पापाने गमावताही येतं. ल्यूथरच्या परंपरेने निकाल वेगळा ठेवला आणि बदल वेगळा: आधी ठरणं, मग हळूहळू होत जाणं. बदल दोघांनाही हवा आहे. एकाने दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवल्या, दुसऱ्याने दोन शब्दांत वाटल्या, आणि बरंचसं भांडण या वाटणीचं होतं. पण सगळंच शब्दांचं नव्हतं. मरणाच्या बिछान्यावर पडलेल्या माणसाने कशावर टेकायचं, हा प्रश्न उरतो. ल्यूथर म्हणेल, ख्रिस्ताच्या शब्दावर टेक, स्वतःत डोकावू नकोस. ट्रेंट म्हणतं, देवाच्या दयेवर शंका नको, पण आपल्याला कृपा मिळालीच आहे अशी अचूक खात्री कोणी बाळगू नये. दोन्ही वाक्यांत माणसाची काळजीच आहे. एक निराशेपासून वाचवू पाहतं, दुसरं घमेंडीपासून.

दुसरी गोष्ट इच्छेची. ट्रेंट म्हणालं, कृपा माणसाला जागं करते, आणि जागा झालेला माणूस होकार देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. या मुद्द्यावरची सगळ्यांत मोठी झुंज मात्र आधीच होऊन गेली होती. इरॅस्मस हा त्या काळचा युरोपातला सर्वांत नावाजलेला विद्वान. १५२४ साली त्याने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं. त्यातला एक दाखला मला विसरता येत नाही. नुकतंच चालायला शिकणारं मूल पडलेलं आहे. बाप त्याला उचलून उभं करतो, समोर सफरचंद दाखवतो. मूल झेपावतं, पडणारच असतं, पण बाप हात धरून त्याला पुढे नेतो. शेवटी तो सफरचंद मुलाच्या हातात देतो. ते सफरचंद मुलाने ‘मिळवलं’ का? छे! बाप नसता तर ते उठलंही नसतं. पण म्हणून त्याने काहीच केलं नाही का? त्याची इवलीशी पावलं तर पडलीच ना.

ल्यूथरने १५२५ च्या डिसेंबरात उत्तर दिलं आणि इच्छा बंदिवान आहे हे पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं. त्याच्या मते माणसाची इच्छा ओझ्याच्या जनावरासारखी आहे. पाठीवर देव बसला तर ते देवाच्या वाटेने जातं, सैतान बसला तर सैतानाच्या. स्वार निवडणं जनावराच्या हातात नसतं. पुस्तकाच्या शेवटी त्याने इरॅस्मसची मनापासून स्तुतीही केली: बाकीचे लोक पोप, पापक्षमेची पत्रं (पापाची शिक्षा माफ करणारे चर्चचे दाखले) अशा किरकोळ गोष्टींवर मला छळतात, तुम्ही एकट्यानेच माझ्या गळ्याला हात घातलात. धर्मसुधारणेचं शालेय पुस्तकातलं चित्र पापक्षमेच्या पत्रांभोवती फिरतं. खुद्द ल्यूथरला वादाचं काळीज इच्छेच्या प्रश्नात दिसत होतं.

मला इरॅस्मसचं मूल जवळचं वाटतं आणि ल्यूथरचं जनावर खरं वाटतं. व्यसनाशी झुंजलेल्या कोणाशीही बोला, स्वार पाठीवर कसा बसतो ते तो सांगेल. पण सुटल्यावर त्यालाच विचारलं, तर आपली पावलं पडल्याचंही तो सांगतो.

हा प्रश्न पुढे दोन्ही छावण्यांच्या आत फुटला. कॅथलिकांमध्ये जेझुइट आणि डॉमिनिकन या संघांत कृपा आणि इच्छा यांचा मेळ कसा घालायचा यावर इतकं पेटलं की रोमला १५९८ पासून चौकशी चालवावी लागली. शेवटी १६०७ साली पोप पाचव्या पॉलने कोणालाही विजयी न ठरवता दोघांना आपापलं मत ठेवू दिलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी घातली. प्रोटेस्टंटांकडे तेवढा संयम दिसला नाही. नेदरलँड्समध्ये आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० साली मांडलं की ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि कृपा नाकारता येते. डोर्ट गावी १६१८-१९ मध्ये भरलेल्या सभेने ल्यूथरनंतरचा मोठा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतून त्यांना उत्तर दिलं: देवाची निवड बिनशर्त आहे, आणि ज्यांना त्याने निवडलं त्यांच्या बाबतीत त्याची कृपा तिचं काम पुरं करतेच. वादात राजकारण मिसळलं होतं. आर्मिनियसपंथीयांची पाठराखण करणारे मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा मे १६१९ मध्ये हेगला शिरच्छेद झाला. कृपेवरच्या चर्चेला रक्ताचा डाग लागला, आणि हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुढे नेऊ नये असं मला वाटतं.

अठराव्या शतकात जॉन वेस्लीने यातून एक वाट काढली. माणूस पूर्ण पडलेला आहे, हे त्याने कॅल्व्हिनइतकंच ठाम धरलं. पण देव प्रत्येक माणसापाशी आधीच एक कृपा पोचवतो, असं तो म्हणाला. तिच्यामुळे होकार देण्याइतकी मोकळीक सगळ्यांनाच मिळते. बापाने प्रत्येक मुलाला उभं तर केलेलं आहे, असं म्हणा ना. मेथडिस्ट मंडळ्या या विचाराच्या.

हे सगळं युरोपातलं. पण यातला मूळ प्रश्न आपल्याकडे एका बाईने स्वतःच्या जगण्यातून मांडला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. धर्म अभ्यासून, विचार करून त्यांनी तो घेतला होता. १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. दीक्षेच्या कितीतरी वर्षांनी ज्याचं मन पालटलं अशा एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं आणि त्या हलल्या. तारण पुढे कधीतरी कमवायचं नसून आत्ता, आहे तसंच स्वीकारायचं आहे, हे त्यांनी आपल्या शब्दांत लिहिलं. संस्कृतच्या इतक्या मोठ्या विदुषीला ज्ञानाने जे मिळालं नाही ते रिकाम्या हातांनी घ्यावं लागलं. आणि त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावचं मुक्तीसदन, दुष्काळातल्या शेकडो मुलींना दिलेला आसरा, आयुष्याच्या अखेरीपर्यंत चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं पुढचं. ल्यूथरचं झाड आणि फळं समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आणखी एक धागा नागपूरचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, वेस्लीच्या परंपरेतले ब्रिटिश मेथडिस्ट, बाप्टिस्ट असे अनेक प्रवाह त्यात एक झाले. ज्या प्रश्नावर डोर्टमध्ये माणसं देशोधडीला लागली, त्याची दोन्ही उत्तरं मानणाऱ्यांचे वारस आज एकाच वेदीपाशी प्रभुभोजन घेतात.

मोठी भेट झाली ती ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे. लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणं नवी करून आपल्याला सत्कर्मांसाठी पाठवतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. त्या एका वाक्यात ठरणंही आहे आणि होणंही. मेथडिस्ट २००६ साली आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ साली त्यात सामील झाल्या. इच्छेच्या बाबतीत मात्र निवेदनात दोन वेगळे परिच्छेद शेजारी शेजारी ठेवले आहेत. कॅथलिक परिच्छेद माणसाच्या ‘सहकार्या’बद्दल बोलतो आणि तो होकार कृपेचंच फळ आहे असं जोडतो. लुथरन परिच्छेद म्हणतो की तारणात माणूस सहकार्य करू शकत नाही, पण तो कृपा नाकारू मात्र शकतो.

हे दोन परिच्छेद वाचताना मला पौलाचंच, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य आठवतं. भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, असं तो सांगतो. पेलागियस इथे थांबला असता तर खूश झाला असता. पण वाक्य तिथे संपत नाही: कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवून आणणारा देव आहे. दोन अर्ध्यांच्या मध्ये पौलाने ‘तरी’ घातलं नाही, ‘पण’ही घातलं नाही. ‘कारण’ घातलं.